रेडा आणि रेडिओ दुर्बीण

आमच्या जुन्नर तालुक्यात आळे नावाचं गाव आहे. तिथे एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. परतीच्या वाटेवर त्याने आळ्याला देह ठेवला. लहानपणापासून मी तिथे कितीदा तरी गेलो असेन. पण वेद म्हणत असताना त्या रेड्याला स्वतःला काय वाटलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. २०२५ च्या जुलैत पडला. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून मला खगोलशास्त्र शिकवायला सांगितलं, तेव्हा.

मी मराठी शिकवतो. संतसाहित्य, व्याकरण आणि कुणी रजेवर असेल तर पर्यावरण.

"सर, तुम्ही मागं आपल्या वार्षिकात चंद्रावर लिहिलं होतं ना?" प्राचार्य म्हणाले.

"ते ललित होतं."

"मग बरंच झालं. ही मुलंही आर्ट्स-कॉमर्सचीच आहेत."

प्रकरण असं होतं. नव्या शैक्षणिक धोरणात कला-वाणिज्यच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो. दोन श्रेयांकांचा. कागदावर त्याचं नाव 'ओपन इलेक्टिव्ह', मुलांच्या तोंडी 'ओई'. नारायणगावच्या आमच्या कॉलेजात त्यासाठी 'खगोलशास्त्राची तोंडओळख' ठेवली होती आणि ती करून देणारे तासिका तत्त्वावरचे फिजिक्सचे सर ऐन जुलैत दुसऱ्या जिल्ह्यात कायम झाले. त्यांची तीस मुलं, एक पृथ्वीगोल आणि अर्धा भरलेला टीचिंग प्लॅन माझ्या वाट्याला आला. पहिले आठ दिवस व्हरांड्यात मागून कुणी 'ओई सर!' अशी हाक मारली की मला कुणी तरी चिडवतंय असंच वाटायचं.

विज्ञानाबाहेरच्या मुलांना खगोल शिकवायची टूम काही आपली नाही. अमेरिकेत ती इतकी जुनी आहे की लाखो मुलं दरवर्षी हा विषय घेतात. त्यातल्या पुष्कळांच्या आयुष्यातला हा विज्ञानाचा शेवटचा पेपर. विषय का घेतला, हे तिथल्या मुलांना विचारलं तर काय उत्तर येईल मला माहीत नाही. मी आमच्या मुलांना विचारलं. तीसपैकी अकरा जण म्हणाले, यात गणित नाही असं ऐकलं. नऊ जण म्हणाले, खोडदला दुर्बीण बघायला ट्रिप नेतात. सहा जणांना दुसऱ्या विषयात जागा मिळाली नव्हती. तिघांचं म्हणणं, पत्रिका बघायला शिकवतील. घरच्यांनीच हा विषय घ्यायला लावलेला. हे झाले एकोणतीस. तिसावा, म्हणजे हजेरीतला सात नंबर, आलाच नव्हता.

मुलांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी गावानेच हाक मारतो. त्यामुळे वर्ग हा जुन्नर-आंबेगावचा नकाशाच होता. ओतूर पहिल्या बाकावर, वहीला कव्हर घातलेलं. मंचर खिडकीशी. घोडेगाव आणि डिंभे एका बाकावर, एका डब्यात. आणि खोडद सगळ्यांत मागे. जगभरातले शास्त्रज्ञ ज्या गावाचं नाव घेतात त्या गावाचा मुलगा भिंतीला टेकून झोपायच्या तयारीत.

पहिलं व्याख्यान मी फार तयारी करून दिलं. खगोलशास्त्र म्हणजे ज्योतिष नव्हे, हे ठासून सांगितलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं नाव सांगितलं. शाळाखात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि तो वाचता यावा म्हणून परदेशातले लोक मराठीची खटपट करायला लागले, असं म्हणतात. मुलांनी 'ज्योतिःशास्त्र' एवढाच शब्द उचलला. तास संपल्यावर मंचरची मुलगी टेबलाशी आली. "सर, माझ्या दादाला साडेसाती चालू आहे. किती दिवस राहील?"

मी चिडणार होतो. पण मागून एफ.वाय.बी.कॉम. बोललं, "साडेसात वर्षं. नावातच आहे की."

"का पण साडेसात?" मी विचारलं.

वर्ग गप्प. मग मी सांगितलं की शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि राशी बारा आहेत. पुढे मला काही बोलावं लागलं नाही. कॉमर्सने फोनवरचा कॅल्क्युलेटर काढला. "एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, मागची आणि पुढची. तीन हप्ते. साडेसात." मग तो मंचरकडे वळला आणि बँकेच्या मॅनेजरच्या सुरात म्हणाला, "म्हणजे शनी तुमच्या दादावर चिडलाय असं काही नाही. त्याचा रूटच तो आहे."

दोन हजार वर्षांच्या भीतीचा इतका स्वच्छ जमाखर्च मी पाहिला नव्हता. त्या जोरावर मी जयंत नारळीकरांच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना त्या वेगळ्या करायला दिल्या होत्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली आणि ती शेकडा सेहेचाळीस बरोबर निघाली. "नाणं उडवलं असतं तर पन्नास," ओतूर म्हणाली. मंचरने हे दादाला सांगितलं. दादाने शांत करून घेतली ती घेतलीच. पण मंचर म्हणते, या वेळी दक्षिणेत घासाघीस केली.

आता अंतरं. खगोलशास्त्रात अंतरं आली की शिक्षकाचा आवाज खोल जातो आणि विद्यार्थ्याचे डोळे जड होतात. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा मी फळ्यावर शून्यांसकट लिहिला. आर्ट्सवाल्यांनी तो चित्र काढावं तसा वहीत उतरवून घेतला. पण कॉमर्सच्या बाकावर 'लाख कोटी' म्हणताच जान आली. ही त्यांची भाषा. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक पन्नास लाख कोटी रुपयांच्या थोडं वर आहे, हे त्यांना पाठ होतं. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब, म्हणजे साधारण चाळीस लाख कोटी किलोमीटर. किलोमीटरला एक रुपया धरला तर देशाच्या एका वर्षाच्या खर्चात माणूस तिथे पोचतो आणि वर दहा लाख कोटी उरतात.

"परतीचं भाडं नाही पुरणार," एक जण म्हणाला.

"एसटीने गेलं तर जातानाचंच नाही पुरणार," दुसरा म्हणाला. "निम्म्यात उतरवतील."

तेव्हापासून आमच्या वर्गात प्रकाशवर्षाचा दर 'साडेनऊ लाख कोटी' असाच चालतो, आणि परीक्षेत एकानेही तो चुकवला नाही. एकाने पुढे 'जीएसटी वगळून' असं लिहिलं होतं. मी अर्धा गुण वाढवला.

तरी आकडा तो आकडाच. म्हणून एका पाऊस उघडलेल्या दुपारी मी घरून भोपळा आणला. बावीस सेंटिमीटर जाडीचा. तो कॉलेजच्या फाटकात सूर्य म्हणून ठेवला. या मापाने पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, भोपळ्यापासून साडेतेवीस मीटरवर. चंद्र मोहरीपासून सहा सेंटिमीटर. माणूस सगळ्यांत लांब गेला तो एवढा, बोटभर. गुरू म्हणजे आवळा, सव्वाशे मीटरवर. शनी म्हणजे सुपारी, सव्वादोनशे मीटरवर. सुपारीवर कुणीच हरकत घेतली नाही, कारण नवग्रहांच्या पूजेत शनीच्या वाट्याला सुपारीच येते. इथे ज्योतिष आणि खगोल यांचं प्रथमच एकमत झालं. शेवटचा नेपच्यून म्हणजे हरभरा, तो घेऊन खोडदला सातशे मीटर पिटाळलं. व्हॉयेजर-२ यानाला नेपच्यूनपर्यंत जायला बारा वर्षं लागली होती. खोडदला जाऊन यायला पाऊण तास लागला, कारण सातशे मीटरवर वडापावची गाडी आहे. परत आला तेव्हा हातात हरभरा नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "मिरचीबरोबर गेला असंल."

"आणि सूर्यासारखा दुसरा तारा? दुसरा भोपळा कुठे ठेवायचा?" ओतूरने विचारलं.

मी हिशोब करून आणला होता. "साडेसहा हजार किलोमीटरवर. जर्मनीत."

"मधे काय?"

"काही नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. नारायणगाव ते जर्मनी सगळं मोकळं, मधे एक झाड नाही, बांध नाही, ढाबा नाही. शेवटी डिंभे म्हणाला, "एवढी पडीक!" त्याचं मूळ गाव आंबेगाव. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, घरच्यांनी दुसरीकडे बस्तान मांडलं. इतकी जमीन रिकामी पडलीय आणि पुनर्वसनाच्या यादीत नाही, हे त्याला पटेना.

ऋतूंचा तास मात्र माझ्यावरच उलटला. थंडी का पडते, असं मी विचारलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, सूर्य लांब जातो. मी म्हणालो, चूक. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, चौदा कोटी सत्तर लाख किलोमीटरवर. जुलैत सर्वांत लांब, पंधरा कोटी वीस लाखांवर. ज्या दिवसांत आमच्याकडे थंडीने द्राक्षाचे मणी तडकतात आणि माणसं बागेत शेकोट्या पेटवतात, त्याच दिवसांत सूर्य जवळ आलेला असतो. थंडी पडते ती पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कलंडलेली असल्यामुळे. हिवाळ्यात ऊन तिरपं पडतं आणि दिवस लहान होतो.

हे ऐकून द्राक्षबागायतदारांची मुलं रागावली. जवळ येऊन ऊब न देणारा नातेवाईक असावा तसं त्यांनी सूर्याबद्दल तोंड वाकडं केलं. "सर, तुम्हाला हे कधी कळलं?" घोडेगावने निरागसपणे विचारलं.

"मागच्या मंगळवारी," मी खरं ते सांगितलं. लाज झाकायला पुस्ती जोडली, की हार्वर्ड नावाचं फार मोठं विद्यापीठ आहे, तिथे १९८७ च्या एका माहितीपटात पदवीदान समारंभाच्या दिवशी तेवीस जणांना ऋतू आणि चंद्रकला यांचं कारण विचारलं, तर एकवीस जणांनी चुकीचं सांगितलं. वर्गाला फार बरं वाटलं. आमचे एकोणतीसपैकी एकोणतीस चुकले होते. म्हणजे हार्वर्ड आमच्यापेक्षा पुढे आहे, पण फार नाही.

मग त्यांनी मला शिकवलं. नक्षत्रं फळ्यावर लिहायला घेतली तर मृगापासून स्वातीपर्यंत सगळी नावं वर्गाने मला थांबवून सांगितली, वर यंदा कुणाचं वाहन काय, तेही सांगितलं. माझं वाहन स्कूटर असल्यामुळे मी मुकाट ऐकत होतो. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांना ओतूरची आजी तिकांडं म्हणते. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. घोडेगावच्या आज्याला शुक्राची चांदणी उगवली की घड्याळ लागत नाही. आणि नारायणगावात तर फडावर रात्रभर चाललेला तमाशा चांदणी बघूनच आवरायचा, असं एकाने सांगितलं. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या गावातला वेधशाळेचा हा विभाग माझ्या टीचिंग प्लॅनमध्ये नव्हता.

"पण मला सांगा," मी डाव टाकला, "जूनमध्ये मृग लागतो तेव्हा आभाळात मृग दिसतो का?"

"ढग असतात."

"ढग नसले तरी?"

कुणालाच माहीत नव्हतं. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात शिरला. म्हणजे नेमका त्याच वेळी मृग दिवसा उगवतो, दिवसा मावळतो आणि दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या नावाने पेरलं तो पेरणीच्या दिवशी सूर्याच्या मागे दडलेला असतो आणि हिवाळ्यात, सगळं आवरल्यावर, रात्रभर डोक्यावर मिरवतो. "म्हणजे निवडणुकीतल्या उमेदवारासारखं," राज्यशास्त्र म्हणालं. "नाही, उलट," अर्थशास्त्र म्हणालं. त्यावर अर्धा तास वाद झाला आणि माझा तास निघून गेला.

प्रात्यक्षिकांचं मात्र जमेना. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचे आमच्याकडे वर्षात दोन दिवस. एक मेच्या मध्यावर, तेव्हा कॉलेज बंद. दुसरा सत्तावीस जुलैच्या आसपास, दुपारी पाऊणच्या सुमारास. आम्ही काठ्या रोवून मैदानात उभे राहिलो. सावली नाहीशी झाली. सकाळपासूनच झाली होती. ढगांमुळे.

रात्री आकाशदर्शन ठेवावं तर बिबट्या. परगावच्या वाचकाला यात विनोद वाटेल, आम्हाला वाटत नाही. उसात बिबट्याने घर केल्यापासून इथे माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. संध्याकाळनंतर एकट्यादुकट्याने निघू नये, घोळक्याने निघावं, मोबाइलवर गाणी लावावीत, हे इथलं शहाणपण आहे. खगोलशास्त्राच्या पुस्तकात निरीक्षणाच्या अटी दिलेल्या असतात: अंधारी जागा, गावापासून दूर, शांतता, नजर वर. बिबट्याच्या पुस्तकातही बहुधा याच अटी दिलेल्या असाव्यात. एका पालकांनी फोन करून सांगितलं, "सर, आम्ही रात्री मोटार चालू करायला जातो ते लाइट रात्रीच येते म्हणून. तुमचे तारे तर रोजच येतात ना? मग पोरीला गच्चीवरून बघू दे." मी आकाशदर्शन रद्द केलं.

उरलं खोडद. परवानगी काढली, डबे घेतले, गेलो.

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. नाव इतकं लांब की गावात सगळे 'दुर्बीण' म्हणतात. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाने कल्पना मांडली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारली. प्रत्येक तबकडी पंचेचाळीस मीटर व्यासाची. मी चौरस मीटर सांगायला लागलो तर मुलांनी हात वर करून थांबवलं आणि गुंठ्यांत काढलं. एका तबकडीत पावणेसोळा गुंठे. तीस तबकड्या म्हणजे पावणेबारा एकर. "एवढं क्षेत्र हवेत!" डिंभेने पुन्हा उसासा टाकला.

स्वरूपांची खरी हुशारी, ती तबकडी पत्र्याची नाही. तारा ताणून त्यांवर बारीक पोलादी तारेची जाळी बसवलेली आहे. अवकाशातून येणाऱ्या ज्या लहरी पकडायच्या त्या एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. त्यांना एवढ्याशा जाळीतून निसटता येत नाही, वारा मात्र निघून जातो. वजन कमी, खर्च कमी. बागायतदारांच्या मुलांनी मान वर करून एकदाच पाहिलं आणि निकाल दिला: "मांडव आहे. द्राक्षाचा. फक्त उलटा." माहिती सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर, इतकी वर्षं आपण उगाच बोलत आलो, असं काहीसं दिसलं.

"यातून चंद्र दिसतो का?" मंचरने विचारलं. दिसत नाही. यातून काहीच दिसत नाही, ऐकू येतं. म्हणून तर मोबाइल बंद करायला लावतात. चंद्रावर एखादा चालू मोबाइल ठेवला तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक गोष्टींत मोजावा लागेल. मग मुलांच्या खिशातल्या एकोणतीस मोबाइलांपुढे बिचाऱ्या आकाशगंगेचं काय चालणार! जागासुद्धा यासाठीच निवडली: भोवती डोंगरांची आडोशी भिंत, मोठं शहर लांब, कारखान्यांचा गोंगाट नाही.

"म्हणजे आपण मागं राहिलेलो म्हणून निवडलं," कॉमर्स म्हणालं.

"शांत म्हणून," मी म्हणालो.

"सर, पुणे-नाशिक रेल्वे पण शांततेसाठीच गेली ना आपल्या हातून?"

याला उत्तर नव्हतं. नारायणगावावरून जायची ती रेल्वे दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून दुसरीकडून न्यायचं ठरलं, हे खरंच आहे. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनला रस्ता मोकळा मिळावा म्हणून टोमॅटोला रस्त्याने जावं लागतं. जगात दुसऱ्या कुठल्या तालुक्याचं रेल्वे स्टेशन आकाशगंगेने पळवलं असेल, असं वाटत नाही. मुलांना राग आणि अभिमान एकदमच वाटला. मला वाटतं, तालुका म्हणून मोठं होणं याला म्हणतात.

हा हायड्रोजन तरी कसा? एकेकटा अणू आपली ती एकवीस सेंटिमीटरची लहर सोडतो, पण मनात आलं की. सरासरी कोटीभर वर्षांतून एकदा.

"सात नंबरसारखा," मागून कुणी तरी म्हणालं.

पण अणू इतके अगणित की सगळ्यांची मिळून हाक सतत येत राहते. २०२३ साली जाहीर झालं, की सुमारे आठशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली अशी हाक खोडदने ऐकली. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती; जुन्नर तालुका तर त्याच्याही नंतरचा.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. तीस तबकड्यांतल्या चौदा मधल्या चौकात दाटीवाटीने आहेत, उरलेल्या सोळा तीन दिशांना, शेताशिवारांतून लांब लांब पसरलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांत पंचवीस किलोमीटर. मी मनात वर्ग आठवला. चौदा मुलं मधल्या बाकांवर कोंबलेली, उरलेली तीन भिंतींना टेकून लांब. मधल्या चौकातल्या तबकड्यांना शून्यापासून चौदापर्यंत नंबर आहेत, पण यादी वाचताना लक्षात आलं: सात नंबर नाही. सहानंतर थेट आठ. "तिथेही?" ओतूर पुटपुटली.

एकट्या तबकडीला धड चित्र मिळत नाही. तिला जे ऐकू येतं ते तुटपुंजं, धूसर. पण तीस जणींचं ऐकणं तारेने एका खोलीत आणतात आणि प्रत्येकीचं प्रत्येकीशी ताडून बघतात. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात चारशे पस्तीस. या जोड्यांच्या ताळमेळातून चित्र तयार होतं. जवळच्या जोड्या ढोबळ आकार सांगतात, आणि जितक्या लांबच्या जोड्या तितका बारीक तपशील.

"म्हणजे कॉपी," खोडद म्हणाला. तो बोलला हेच आम्हाला नवल. "एकाला पण उत्तर येत नाही. पण सगळ्यांनी एकमेकांचं बघितलं की उत्तर तयार."

मी पंचवीस वर्षं सुपरव्हिजन केलं आहे. शिक्षक म्हणून मला याचा निषेध करायला हवा होता. पण संपूर्ण सहलीत यापेक्षा नेमकी व्याख्या कुणी केली नव्हती.

७ सप्टेंबर २०२५. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पौर्णिमा आणि खग्रास चंद्रग्रहण. मुलांचे घसे मिरवणुकीत बसलेले, आभाळ भाद्रपदातलं. मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं: आपापल्या गच्चीवरून, घरच्यांबरोबर बघा, जे दिसेल ते वेळेसकट कळवा. ९.५७ ला सुरुवात, ११.०१ ते १२.२३ खग्रास.

मी स्वतः दहा वाजता गच्चीवर गेलो आणि एका मोठ्या काळ्या ढगाचं फार बारकाईने निरीक्षण केलं.

मग फोन वाजू लागला. १०.०४, मंचर: "डावीकडून कुरतडल्यासारखा." १०.२०, घोडेगाव: "इथं पाऊस." १०.३१, ओतूर: "निम्मा गेला. आजी म्हणते जेवायचं नाही. मी म्हटलं, मी फक्त बघतेय." १०.५०, डिंभे: "ढगातून कोर दिसली, धरणात पण दिसली. दोन धरू का?" ११.०६, खोडद: "लाल झाला. तांब्यासारखा. का?" मी लिहिलं, पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वळून गेलेला लाल उजेड तेवढा चंद्रावर पडतो, त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय-मावळतोय, तिथला रंग. खोडदने अंगठा पाठवला. मग लिहिलं, "आईला सांगितलं. ती गच्चीवर आलीय."

आणि मग सगळीकडेच झाकोळलं. साडेअकरापासून एकाही गावाला काही दिसेना. 'ढग.' 'ढग.' 'पाऊस.' 'झोपू का सर?' ऐन खग्रासाच्या मध्यावर आमच्या चित्राला भोक पडलं.

११.५२ ला एक आवाजी निरोप आला. नंबर ओळखीचा नव्हता. मागे ट्रकांचे हॉर्न. "सर, मी सात नंबर बोलतोय. मी मामाच्या पिकअपबरोबर असतो रात्री, टोमॅटो घेऊन, म्हणून सकाळी येता येत नाही. आता आम्ही चंदनापुरी घाट उतरून संगमनेरच्या अलीकडं थांबलोय. इकडं आभाळ एकदम मोकळंय. चंद्र पूर्ण लाल आहे, वरची बाजू जरा जास्त काळी. आजूबाजूला तारे पण दिसायला लागलेत, मघाशी नव्हते. मी सांगत राहू का?"

तो सांगत राहिला. बारा, सव्वाबारा, बारा तेवीसला, मिनिटभर कमी-जास्त, कडेला पांढरी ठिणगी. सर्वांत लांबची तबकडी, सर्वांत बारीक तपशील. तोवर घोडेगावचा पाऊस थांबला आणि उरलेला चंद्र दीड वाजेपर्यंत आंबेगाव तालुक्याने सोडवून घेतला. एकाही गावाला पूर्ण ग्रहण दिसलं नाही. वर्गाला दिसलं.

ढगाखाली उभ्या राहिलेल्या मला त्या रात्री आळ्याच्या रेड्याचं थोडं उमगलं. ऋचा त्याच्या नव्हत्याच, अर्थही बहुधा त्याला कळला नसेल. पण आपण तोंड उघडल्यावर भोवतीची माणसं वर बघायला लागली, एवढं त्याच्या नक्की लक्षात आलं असेल. आणि तेवढ्या शिदोरीवर तो पैठणहून आळ्यापर्यंत चालत आला असेल.

सोमवारी वर्गावर गेल्यावर हजेरी घेतली. सहानंतर सवयीने आठ म्हणणार होतो, थांबलो. बाक रिकामाच होता. पिकअप अजून परतली नसावी. मी सात नंबरपुढे 'उपस्थित' लिहिलं. कुणीही हरकत घेतली नाही.